ओलाव्यावर थांबणारा प्रोग्राम

हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये मी लिहिलेला एक छोटा प्रोग्राम २०२४ च्या दिवाळीनंतर जवळजवळ रोज सकाळी बंद पडायचा. तो का बंद पडतो हे कळायला सतरा दिवस लागले. आणि कळलं तेही मला नाही, तिथे अकरा वर्षं डेटा एन्ट्री करणाऱ्या ताईंना. त्यांना पायथन येत नाही. त्यांना कापूस कळतो.

आधी काम काय होतं ते सांगतो. जिनिंगच्या दारात कापसाची गाडी येते, ट्रॅक्टर नाहीतर मेटॅडोर. भरलेली गाडी काट्यावर चढते, कापूस खाली होतो, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. ग्रेडर ढिगात हात घालून धागा ओढून बघतो, मॉइश्चर मीटर खुपसून ओलावा मोजतो, भाव ठरतो, पावती निघते. हे सगळं काट्याच्या प्रोग्राममध्ये नोंदलं जातं. पण शेतकऱ्याचं बिल आणि पैसे निघतात ते हिशेबाच्या दुसऱ्या प्रोग्राममधून. या दोन प्रोग्रामची एकमेकांशी ओळख नाही. काट्याची दिवसभराची यादी एक्सेलमध्ये काढता येते, पण हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ती घालायची सोय नाही. तो व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी करून दिलेला, आणि करून देणारा माणूस केव्हाच दुसऱ्या धंद्यात गेलेला. म्हणून ताई एका खिडकीत बघायच्या आणि दुसऱ्या खिडकीत टाइप करायच्या. नाव, गाव, शेरा, वजन, भाव. हंगामात दिवसाला शंभर-सव्वाशे गाड्या. दिवाळी ते संक्रांत या काळात हात पुरत नाहीत म्हणून जवळच्या गावातली एक मुलगी चार महिन्यांसाठी मदतीला यायची.

शेठजींनी मला विचारलं, हे आपोआप होईल का? मी म्हटलं, होईल. वर्ध्यात राहून मी अशीच फुटकळ कामं करतो. हिशेबाच्या प्रोग्रामच्या पोटात शिरता येत नसेल तर बाहेरून माणसासारखं वागायचं, म्हणजे खिडकी शोधायची, चौकटीत जायचं, कळा दाबायच्या. त्यासाठी पायथनमध्ये पायविनऑटो नावाची फुकट लायब्ररी आहे. सप्टेंबरमध्ये आठवडाभर बसून मी दीडशे ओळींचा प्रोग्राम लिहिला.

या प्रकारच्या कामाबद्दल एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली आणि ती मनात राहिली. विंडोजमध्ये एका प्रोग्रामने दुसऱ्या प्रोग्रामची बटणं आणि चौकटी ओळखाव्यात यासाठी जी नीट बांधलेली वाट आहे, ती आमच्यासारख्यांसाठी केलेलीच नव्हती. ती दृष्टिहीनांसाठी केली होती. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी आणली, पुढे व्हिस्टाच्या काळात यूआय ऑटोमेशन आलं. पडद्यावर काय आहे हे वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर याच वाटेने जातात. एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर तर मुख्यतः पायथनमध्येच लिहिलेला आहे. तेव्हा ज्या प्रोग्राममध्ये अंध माणसाला काम करता येतं, तिथे माझी स्क्रिप्टही नीट चालते. ज्या प्रोग्रामने अंध माणसाचा विचारच केला नाही, तिथे माझी स्क्रिप्टही चाचपडते.

आमचा हिशेबाचा प्रोग्राम दुसऱ्या जातीचा होता. त्यातल्या खिडकीचं नाव सापडायचं, एखाददुसरं बटण सापडायचं. पण खरी नोंद व्हायची ती एका तक्त्यात, आणि तो तक्ता बाहेरून बघणाऱ्याला एक सपाट चौकोन दिसायचा. आत रकाने आहेत, त्यात नाव-गाव आहे, हे डोळ्यांना दिसतं, स्क्रिप्टला नाही. अशा ठिकाणी नाव घेऊन हाक मारता येत नाही. मग एकच उपाय उरतो, आंधळं टायपिंग. खिडकी पुढे आणायची आणि कळा दाबत सुटायचं. नाव, एंटर, गाव, एंटर, शेरा, एंटर. समोर जी खिडकी असेल तिच्यात ती अक्षरं पडतात. समोर आपलीच खिडकी आहे, हा विश्वास.

पहिली अडचण गमतीची होती. सिंदी रेल्वेचा शेतकरी आला की गावाचं नाव ‘सिंदीरेल्वे’ असं एकत्र पडायचं. कारंजा घाडगेचंही तेच. पायविनऑटोमध्ये कळा पाठवताना मधली मोकळी जागा गाळली जाते, ती हवी असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. मी ते सांगितलं आणि गावं सुटी झाली. हीच दुरुस्ती पुढे महागात पडणार होती, पण तेव्हा ते कळायला मार्ग नव्हता.

चाचणीसाठी शेठजींनी मला त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्याची यादी दिली. दोनशे नोंदी. प्रोग्रामची एक नकल उघडून त्यावर स्क्रिप्ट तीनदा चालवली. तिन्ही वेळा दोनशेच्या दोनशे नोंदी अचूक. ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. कर्सर आपोआप उड्या मारत होता, आकडे आपोआप उमटत होते. चाळीस मिनिटांत त्यांचं जवळजवळ दोन दिवसांचं काम झालं. त्या काहीच बोलल्या नाहीत. शेठजी म्हणाले, “यंदा त्या पोरीला बोलवायचं काम नाही मग.” मला तेव्हा ते कौतुकासारखं ऐकू आलं.

दिवाळी झाली, कापूस सुरू झाला आणि प्रोग्राम थांबायला लागला.

थांबायचा तो सकाळी. दहा-साडेदहाला ताई तो सुरू करायच्या आणि पहिल्याच नोंदीत लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर यायचा. त्याचा अर्थ एवढाच की जी खिडकी हवी ती सापडली नाही. ताई फोन करायच्या. मी म्हणायचो, बंद करून पुन्हा लावा, दुसऱ्या नोंदीपासून. तसं केलं की चालायचा. दुपारी बहुतेक कुरकुर नसायची.

सकाळी का? मला उत्तर आधीच माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. संगणक जुना, सकाळी सुरू झाल्यावर अँटिव्हायरस चक्कर मारतो, विंडोज अपडेट ओढतं, सगळं संथ होतं. स्क्रिप्टला घाई असते. तिने खिडकी उघड म्हटलं आणि खिडकी उघडायला तीन सेकंद लागले, तर ती दोन सेकंदांनी ओरडते. या कामातला हा सगळ्यात नेहमीचा आजार आहे. माणूस वाट बघतो आणि आपण वाट बघतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. स्क्रिप्टला वाट बघायलाही सांगावं लागतं. मी दोन सेकंदांचे पाच केले. मग दहा केले. प्रत्येक नोंदीला दहा सेकंद थांबणारी स्क्रिप्ट ताईंच्या हातापेक्षाही हळू चालायला लागली, आणि सकाळी थांबायची ती थांबायचीच.

मग मी बाकीचे नेहमीचे संशयित तपासले. स्क्रिप्ट साध्या अधिकाराने चालते आणि समोरचा प्रोग्राम ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ उघडलेला असेल, तर विंडोज खालच्याच्या कळा वरच्यापर्यंत पोचू देत नाही, आणि पोचू दिल्या नाहीत हे सांगतही नाही. तसं नव्हतं. मी वर्ध्याहून रिमोट डेस्कटॉपने जोडून काम करायचो आणि खिडकी लहान करून ठेवायचो. तेव्हा तिकडे कळा झेलायला खरा पडदाच उरत नाही. पण ताई समोर बसून चालवत असतानाही तेच व्हायचं. पडद्यावरची अक्षरं मोठी करून ठेवली असतील तर माउसच्या जागा सरकतात. मी माउस वापरतच नव्हतो. एकेक नाव यादीतून खोडत गेलो आणि शेवटी यादीत कोणीच उरलं नाही.

बाराव्या की तेराव्या दिवशी सेलू तालुक्यातले एक शेतकरी पावती घेऊन आले. काट्याच्या पावतीवर १७ क्विंटल ६० किलो आणि बिलावर १४ क्विंटल २० किलो. त्या दिवशी मी नेमका जिनिंगमध्येच होतो. ते ताईंच्या टेबलासमोर उभे राहून शांतपणे म्हणाले, “ताई, कापूस तर माह्या घरचा होता. वजन कोणाचं लावलं?”

तीन क्विंटल चाळीस किलो. सात हजारांच्या भावाने तेवीस हजार आठशे रुपये. माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. ताईंनी त्यांची माफी मागितली, हाताने नवीन बिल केलं, शेठजींची सही आणली. चूक त्यांची नव्हती आणि माफी त्यांनी मागितली. मी तिथेच लॅपटॉप उघडून बसलो होतो आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने मी कोणीच नव्हतो.

त्यांनी पावती जपून ठेवली म्हणून हे निघालं. न जपणारे किती असतील, हा विचार मला त्या रात्री झोपू देईना. प्रोग्राम सकाळी थांबतो, ही माझी तक्रार होती. तो न थांबता काय करतो, हे मी बघितलंच नव्हतं.

ताईंनी ते बघितलं होतं. त्या रोज संध्याकाळी एका लांबट वहीत पट्टीने रेघा मारून ताळा करतात. काट्याच्या पावत्या किती, नोंदी किती, एकूण क्विंटल इकडे किती आणि तिकडे किती. अकरा वर्षांची सवय. प्रोग्राम आल्यावरही त्यांनी ती सोडली नव्हती. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. पावत्या ११२, नोंदी १०९. त्याआधीच्या दिवशी ९८ आणि ९७. त्याआधी १२० आणि ११५. हरवलेल्या नोंदी त्या दुसऱ्या दिवशी गुपचूप हाताने भरत होत्या. पण एखादी भलतीच नोंद बदलली असेल तर ती नुसत्या मोजणीत दिसत नाही, आणि एकूण वजनातला फरक त्या हरवलेल्या नोंदींचाच धरत होत्या. मला सांगितलं का नाही, असं विचारल्यावर म्हणाल्या, “तुमी म्हणत होते ना, सकाळचं मशीन स्लो असते म्हणून. मी म्हटलं असंन.”

आम्ही त्या संध्याकाळी मागच्या सगळ्या दिवसांच्या पावत्या काढून बिलांशी एकेक ताडून पाहिल्या. रात्रीचे अकरा वाजले. आणखी सहा बिलं चुकीची निघाली. कोणाला जास्त गेले होते, कोणाला कमी. शेठजींनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन लावायला सांगितलं. ज्यांना जास्त गेले होते त्यांच्याकडून परत मागू नका, म्हणाले. हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

ताडून बघता बघता ताई एकदम थांबल्या. हरवलेल्या नोंदींच्या पावत्या त्यांनी एका बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्या चाळत म्हणाल्या, “भाऊ, हा सकाळवर नाही थांबत. ओला कापूस आला का थांबते.”

मी हसलो. हे इथे लिहायला लाज वाटते, पण हसलो. संगणकाला कापूस ओला की कोरडा काय कळणार? ताई हसल्या नाहीत. त्यांनी पावत्या माझ्यापुढे पसरल्या. एकूण एक पावतीवर ग्रेडरचा शेरा होता.

इथे कापसाच्या ओलाव्याबद्दल थोडं सांगायला हवं. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलावा हे प्रमाण धरतात. त्याच्यावर बारा टक्क्यांपर्यंत जितका ओलावा जास्त, तितका भाव कापतात. बाराच्या वर कापूस घेतच नाहीत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे ओलावा नऊ टक्के निघाला तर क्विंटलमागे ७५ रुपये २१ पैसे गेले. खासगी व्यापारीही मीटर लावतो आणि त्याच भाषेत घासाघीस करतो. दिवाळीच्या आसपास वेचलेला कापूस ओला असतो. सकाळी दव असतं, त्यात वेचून थेट गाडीत भरून आणला तर मीटर दहा-अकरा दाखवतो. दिवसभर उन्हात पसरून मग आणला तर तोच कापूस आठच्या आत येतो. म्हणून सकाळच्या गाड्या ओल्या आणि दुपारच्या कोरड्या. आणि एप्रिलमधला कापूस महिनोन्महिने घरात राहून सुकलेला, त्याला ओलाव्याचा शेरा कशाला लागेल? माझ्या चाचणीच्या दोनशे नोंदींत शेऱ्याचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामा होता. मी माझा प्रोग्राम उन्हाळ्यातल्या कापसावर तपासला होता.

ओल्या कापसावर ग्रेडर इंग्रजी अक्षरांत शेरा लिहायचा: मॉइश्चर ९% कट.

त्यातल्या टक्क्याच्या चिन्हाकडे मी किती वेळ बघत बसलो ते आठवत नाही. कळा पाठवण्याच्या या भाषेत काही चिन्हं म्हणजे अक्षरं नसतात, ती आज्ञा असतात. अधिकचं चिन्ह म्हणजे शिफ्ट दाबा. टोपीचं चिन्ह म्हणजे कंट्रोल दाबा. टक्क्याचं चिन्ह म्हणजे आल्ट दाबा. ही पद्धत व्हिज्युअल बेसिकमधल्या सेंडकीजपासून चालत आलेली, आणि पायविनऑटोच्या माहितीपुस्तिकेत ती स्पष्ट लिहिलेली आहे. मी ती वाचलीही होती. पण वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कापूस नव्हता.

आता ग्रेडरचा शेरा स्क्रिप्टच्या तोंडून ऐका. मॉइश्चर, मोकळी जागा, नऊ. मग टक्का, म्हणजे आल्ट दाबून धरा. मग मोकळी जागा, जी मी सिंदी रेल्वेसाठी मुद्दाम चालू केली होती. आल्ट आणि स्पेस एकत्र दाबले की विंडोजमध्ये खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातली यादी उघडते: लहान करा, मोठी करा, सरकवा, बंद करा. मग ‘कट’ या शब्दाचं पहिलं इंग्रजी अक्षर, सी. त्या यादीत सी म्हणजे क्लोज.

खिडकी बंद.

कोणत्याही विंडोज संगणकावर हाताने करून बघा. आल्ट आणि स्पेस, मग सी. आपण शेरा लिहितोय असं स्क्रिप्टला वाटत होतं आणि ती स्वतःच्याच पायाखालची खिडकी मिटत होती. त्यानंतरचं सगळं ओघाने आलं. नोंदीची खिडकी मिटल्यावर मागची दिवसभराच्या नोंदींची यादी पुढे यायची. स्क्रिप्ट आपल्या समजुतीने एंटर मारायची. यादीवर एंटर मारला की शेवटची जतन केलेली नोंद दुरुस्तीसाठी उघडायची, आणि स्क्रिप्ट तिच्यात ओल्या कापसाचं वजन टाकून ती जतन करून पुढे जायची. चूक कुठेच नोंदली जायची नाही. सकाळची पहिलीच गाडी ओली असेल तर यादी रिकामी, उघडायला काही नाही, म्हणून तेवढ्यापुरती स्क्रिप्ट लाल अक्षरांत ओरडायची. ज्याला मी बिघाड म्हणत होतो तो त्यातल्या त्यात प्रामाणिक क्षण होता. सेलूच्या त्या शेतकऱ्याने आपला कापूस अंगणात वाळवून, भाव कापला जाऊ नये म्हणून दुपारी आणला होता. त्याच्यामागून ओल्या कापसाची गाडी आली आणि तिचं वजन त्याच्या बिलावर चढलं.

दुरुस्ती दोन अक्षरांची होती. टक्क्याला महिरपी कंसात ठेवलं की तो आल्ट राहत नाही, टक्का होतो.

ती दुरुस्ती करून मी निघू शकलो असतो. पण सतरा दिवसांनी मला एवढं कळलं होतं की पुढच्या वर्षी वेगळं काहीतरी होईल. ग्रेडर बदलेल, नवा ग्रेडर शेऱ्यात अधिकचं चिन्ह लिहील, विंडोज नवीन होईल. म्हणून मी ताईंच्या वहीकडे परत गेलो. त्या टाइप करताना नेमकं काय करतात हे मी पहिल्यांदाच शेजारी खुर्ची घेऊन पाहिलं. सप्टेंबरमध्ये हे करायला हवं होतं. तेव्हा मी फक्त त्या कुठली कळ दाबतात ते लिहून घेतलं होतं. दोन कळांच्या मध्ये त्या काय करतात ते लिहून घेतलं नव्हतं. नाव टाकलं की त्या मान वर करून पावती बघतात. वजन टाकलं की ओठांतल्या ओठांत म्हणतात. गाव आणि नाव जुळत नसेल, म्हणजे त्या आडनावाचे लोक त्या गावात नसतीलच, तर थबकतात. जतन करण्याआधी खिडकीचं वरचं नाव बघतात. हे सगळं मिळून अर्ध्या सेकंदाचं काम, आणि त्याला त्या काम म्हणतही नाहीत.

स्क्रिप्टमध्ये मी त्यातलं जमेल तेवढं घातलं. प्रत्येक कळ पाठवण्याआधी समोरची खिडकी आपलीच आहे का ते बघायचं, नसेल तर जागच्या जागी थांबायचं. तक्ता बाहेरून वाचता येत नाही, तर त्यातला मजकूर कॉपी करून घ्यायचा आणि जे टाकलं तेच पडलं का ते ताडायचं. ठरावीक सेकंद झोपून राहण्याऐवजी खिडकी तयार होईपर्यंत बघत राहायचं. शेवटी पावत्या आणि नोंदी मोजायच्या, दोन्हीकडच्या क्विंटलची बेरीज करायची, जुळली नाही तर तसं मराठीत सांगायचं. दीडशे ओळींच्या चारशे झाल्या. नवीन अडीचशे ओळी कसलीच नोंद करत नाहीत, नुसत्या बघतात.

वर्ध्यात राहणाऱ्या माणसाने यंत्राबद्दल लिहावं आणि गांधी येऊ नयेत हे अवघड. त्या डिसेंबरमध्ये एका रविवारी पाहुण्यांना घेऊन मगन संग्रहालयात गेलो होतो. १९३८ साली गांधींच्या हस्ते सुरू झालेलं हे संग्रहालय. शाळेच्या सहलीत तिथले चरखे बघून कंटाळलो होतो. या वेळी चरख्यांसमोर उभा असताना एक जुनी गोष्ट आठवली. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. ते कोणाला मिळालं नाही. त्याच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत. खेड्यातल्या झोपडीत चालावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, सूत अमुक इतकं निघावं, हे तर होतंच. पण नीट निगा राखली तर तो वीस वर्षं टिकावा आणि झिजलेले भाग बदलण्याचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशीही अट होती. यंत्र किती भराभर चालतं याच्या जोडीला ते बिघडल्यावर काय होतं, हा प्रश्न बक्षिसाच्या जाहिरातीतच घातलेला. आमच्या धंद्यात करारात असली अट मी अजून पाहिलेली नाही. माझ्या प्रोग्रामची किंमत ठरवताना मी ओळी आणि दिवस मोजले होते. तो बिघडल्यावर हिंगणघाटातल्या टेबलाशी बसलेल्या बाईला तो दुरुस्त करता येईल का, हे मोजलं नव्हतं.

म्हणून शेवटचं काम ते केलं. चिन्हं आणि त्यांचे कंस यांची यादी वेगळ्या साध्या फाइलमध्ये काढली, नोटपॅडमध्ये उघडेल अशी. लाल इंग्रजी मजकुराच्या जागी मराठी वाक्यं लिहिली: ‘समोर दुसरी खिडकी आहे, ४३ वी नोंद थांबवली आहे.’ एक कळ ठरवली, ती दाबली की स्क्रिप्ट असेल तिथे थांबते. ताईंना हे समजावायला एक दुपार पुरली. फेब्रुवारीत कुणाच्या तरी नावापुढच्या कंसामुळे अडलं, कारण कंसही या भाषेत आज्ञाच असतो. ताईंनी मला फोन केला, पण दुरुस्ती करून झाल्यावर. “कंस टाकला भाऊ यादीत, चालून राह्यलं,” एवढंच सांगायला.

गांधींच्या यंत्रविचारातली दुसरी एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. १९२४ साली रामचंद्रन नावाच्या तरुणाशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला आपल्या विरोधातून सूट दिली होती. बायकोचे शिवणाचे कष्ट बघून सिंगरला ते यंत्र सुचलं, त्यामागे लोभ नसून प्रेम होतं, असं त्यांचं म्हणणं. मी मनाशी म्हणत आलो की आपली स्क्रिप्टही त्याच जातीची आहे. ताईंचे खांदे दुखायचे, आता दुखत नाहीत. त्या सात वाजता घरी जातात, पूर्वी नऊ व्हायचे. आणि त्यांची नोकरी शाबूत आहे, कारण ओलाव्याचा उलगडा कोणी केला हे शेठजींनी पाहिलं.

पण त्या टेबलाशी दुसरी एक खुर्ची होती. ती चार महिन्यांची मुलगी त्या हंगामात आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिला कोणी काढलं नाही, फक्त बोलावलं नाही. बी.कॉम. करताना त्या पैशातून ती फी भरायची, हे मला ताईंकडून कळलं. एकदा धीर करून शेठजींकडे विषय काढला. ताळा करायला, पावत्या लावायला एक माणूस हवाच, असं म्हटलं. ते म्हणाले, “तुमचा प्रोग्राम करते ना ताळा.” माझ्याच अडीचशे ओळी.

ताई अजून वहीत रेघा मारतात. प्रोग्रामने बेरीज जुळली असं मराठीत सांगितल्यावर त्या पावत्यांचा गठ्ठा ओढतात आणि स्वतः मोजतात. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा विचारलं, आता कशाला? म्हणाल्या, “त्या पोरीला मी हेच पहिल्यांदा शिकवलं होतं.” मग मोजणी कुठवर आली होती ते विसरल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.